सटवाईची वाट

माझ्या लेकीच्या बाळंतपणासाठी तयार केलेल्या खोलीतली शेवटची फट मी बुजवली. ती बुजवू नको, असं मला स्वच्छ सांगितलेलं होतं. त्यातून जे घडलं त्याचा दोष माझ्या आत्यावर गेला आणि तो जाताना मी बघत उभा राहिलो. एवढं आधीच लिहून टाकतो. कारण पुढं आत्याविषयी लिहिताना मला हसू येणार आहे, आणि त्या हसण्याचा मला कितपत अधिकार आहे हे वाचणाऱ्याला अगोदर कळलेलं बरं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लोह्याला राहते. नवरा गेल्यावर शेत तिनंच सांभाळलं, लेकींची लग्नं तिनंच केली, आणि या सगळ्यातून वेळ काढून आयुष्यभर एका शत्रूशी भांडली. तो शत्रू म्हणजे वारं. वादळाशी तिची काही तक्रार नव्हती. "वादळ बिचारं सांगून येतंय," असं म्हणायची. तिचं वैर होतं ते फटीतून येणाऱ्या बारीक, सुईसारख्या वाऱ्याशी. "हे चोराच्या पोटचं हाय. दार वाजवत न्हाई, काही न्हाई. नुसतं पाठीला येऊन बसतंय."

पंख्याच्या वाऱ्याला मात्र तिची पूर्ण माफी होती. भर मे महिन्यात ती कानाला रुमाल गच्च बांधून फुल स्पीडच्या पंख्याखाली बसायची. "आत्या, हे वारं नाही का?" असं विचारलं की म्हणायची, "हे घरचं हाय. बटन दाबलं की जातंय. घरचं आन भायेरचं कळत न्हाई का तुला?"

वारं शोधायचं तिचं हत्यार होतं लसणाचं टरफल. कमरेच्या चंचीत लोक पान-सुपारी ठेवतात. हिच्या चंचीत लसणाच्या पाकळ्यांची सुकी, पातळ टरफलं असायची. कुणाच्याही घरात गेली की एक काढायची, तळहातावर ठेवायची आणि भिंतीच्या कडेकडेनं, श्वास रोखून चालायची. टरफल थरथरलं की थांबायची. सरकलं की खाली बसायची. उडालं तर घरमालकाला हाक मारायची.

एसटीत तिच्याशेजारी बसायला ओळखीचे लोक टाळायचे. खिडकीची काच खडखडत असली की ती मागच्या माणसाच्या हातातल्या पेपराकडं बघायची.

"वाचून झाला का पेपर?"

"न्हाई अजून."

"मंग म्होरचं पान ठेवा. बाकीचा द्या हिकडं."

आणि घ्यायची. घड्या घालून काचेच्या खाचेत ठोकायची. उतरताना काढून परत द्यायची, तेवढा व्यवहार तिचा चोख होता.

कंधारला आमच्या एका चुलतभावानं बंगला बांधला. गृहप्रवेशाला दोनशे माणसं. भाऊ सगळ्यांना स्वयंपाकघर दाखवत फिरत होता, ड्रॉवर कसे आपोआप मिटतात ते सांगत होता. आत्या हॉलमध्ये एका बटनांच्या बोर्डासमोर मांडी घालून बसलेली. वहिनी आल्या. "आत्याबाई, पंगत बसली, चला."

"येते. पर तुमच्या बटनातून वारं येऊन राहिलंय."

सगळे हसले. भावाचा चेहरा पडला. नंतर वायरमनला विचारलं तर वायरीच्या पाइपाचं तोंड गच्चीवर उघडंच राहिलं होतं. गच्चीवरचं वारं पाइपातून उतरून प्लगच्या भोकातून हॉलमध्ये येत होतं. पण आत्याचं सगळंच खरं निघायचं असंही नाही. जळकोटच्या एका पाहुण्याला तिनं फ्रिजमधून वारं येतंय म्हणून तो अंगणात ठेवायला लावला होता. डाव्या कानात वारं गेलं की उजवा कान बहिरा होतो, यावर ती आजही ठाम आहे.

हे सगळं लोक सोसायचे. कारण आमच्या सगळ्या भावकीत बाळंतपण म्हणजे आत्या. बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला वारं लागू नये ही सगळ्यांनाच काळजी, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सातवा महिना लागला की निरोप जायचा. आत्या पिशवी घेऊन यायची, खोली निवडायची, जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून दाराखाली ठेवायची, कणीक घट्ट मळून चौकटीच्या फटींत भरायची. मग पुढं मालिश, अंघोळ, धुरी, शेक, सगळं तिच्या हातानं. उदगीरपासून लोह्यापर्यंत आमच्यातली कितीतरी पोरं तिच्या पायांवर अंघोळ करून मोठी झालेली आहेत. रिकाम्या हातानं ती कुठल्याच घरातून परतली नाही, पण साडीचोळीपेक्षा तिला बाळंतिणीच्या खोलीतला हुकूम प्यारा होता. त्या खोलीत सासरा असो की सरपंच, तिच्या परवानगीशिवाय पाऊल टाकत नसे.

माझं नांदेडात रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मागच्या दिवाळीत आम्ही लातूर रस्त्याच्या बाजूला, नव्या प्लॉटिंगमध्ये स्वतःच्या घरात राहायला गेलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना रंग आणि पुट्टी विकली होती. स्वतःच्या घरात मी काही कमी ठेवलं नाही, असं मला वाटत होतं. आजूबाजूला अजून मोकळी रानं. थंडी पडली आणि उत्तरेचं वारं सुटलं, तसं घर शिट्ट्या मारायला लागलं. नव्या लाकडाच्या चौकटी सुकून आखडल्या आणि भिंतीपासून सुटल्या. फरशी बसवताना सुताराला दारं खालून कापावी लागली होती, ती जरा जास्तच कापली गेली. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या दिसायला देखण्या, पण मध्ये जिथं दोन काचा एकमेकींवर येतात तिथून बोटभर हवा सरळ आत.

लेक तेव्हा पोटुशी. जावई पुण्यात, पहिलं बाळंतपण माहेरी. बायको म्हणाली, "ह्या घरात बाळंतीण कशी ठेवायची? आत्याबाईंना बोलवा."

आत्या आली. चहासुद्धा न घेता टरफल काढलं. एक फेरी झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, "घर बांधलंस का चाळणी?"

त्यानंतरचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते, हे मला आज सांगताना जड जातं. दुकान पोरांवर सोपवून मी तिच्यामागं सिलिकॉनची बंदूक घेऊन फिरायचो. ती शोधायची, मी बुजवायचो. तिची कणीक आणि माझं सिलिकॉन यांचं भांडण रोजचं.

"आत्या, कणकेला मुंग्या लागतील."

"लागू दे. मुंग्या वारं आत आनत न्हाईत."

प्रत्येक वाऱ्याला ती नाव ठेवायची, आणि नावं सगळी तिच्या नावडत्या माणसांची. स्वयंपाकघराच्या दाराखालून येणारं वारं म्हणजे थोरली जाऊ, कारण ते सरळ पायांत यायचं. बोर्डातून येणारं म्हणजे तलाठी, कुणी बोलावलेलं नसताना येणारा. हॉलच्या खिडकीतलं लांबलचक, शिट्टी घालणारं वारं म्हणजे तिचा व्याही. सकाळी उठल्याबरोबर आतून हाक यायची, "हिकडं ये गा. व्याही परत बोलून राहिलाय."

मी खिडकीला ब्रशची पट्टी बसवली, दारांना खालून रबर लावलं, गच्चीवर चढून पाइपांची तोंडं बंद केली, चौकटीभोवतीच्या चिरा कोरून परत भरल्या. व्याही गप्प झाला. तलाठी गेला. जाऊबाईंनी दोन दिवस त्रास दिला, मग त्याही गेल्या. एक वारं हरलं की आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसायचो. मला वाटतं, माझ्या वडिलांच्या नंतर माझ्यावर इतकं खूश कुणी नव्हतं.

राहिलं एक. लेकीसाठी निवडलेल्या खोलीत, वर भिंतीत, एसीच्या पाइपासाठी ठेवलेलं गोल भोक. एसी अजून बसवलेला नव्हता. मी शिडी लावली तर आत्यानं शिडीचा पाय धरला.

"त्याला हात लावू नको."

"अगं, सगळ्यात मोठं भोक तर हेच आहे."

"ती सटवाईची वाट हाय. पाचवीला सटवाई येनार, लेकराच्या कपाळावर लिहिनार. तिनं कुठून यावं? दाराला तर तू रबर मारलंस."

मी हसलो, शिडी उचलली. बाळ झालं. मुलगा. दवाखान्यातून घरी आणलं, पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद आणि पेन ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी परत विचारलं, "आत्या, सटवाई येऊन गेली. आता बुजवू?"

"गेली कशी? लिहिलेलं नीट लिहिलं का बघाय परत यावं लागतंय तिला."

"किती वेळा?"

"बाळंतीन खोलीत हाय तवर. बुजवायचं न्हाई म्हनलं ना?"

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मला ते भोक सलत होतं. साऱ्या घरात टरफल तळहातावर मेल्यासारखं पडून राहायचं आणि त्या एका खोलीत डोलायचं. त्या एकाच वाऱ्याला तिनं नाव ठेवलेलं नव्हतं.

मग एके दिवशी सकाळपासून वारं फार होतं. अंघोळीआधी बाळ दोनदा शिंकलं. आत्या बाळाला आणि लेकीला घेऊन न्हाणीत गेली. मी शिडी आणली, भोकात फुगून घट्ट होणारा फोम मारला, वर पुट्टी ओढली, भिंतीचाच रंग फिरवला. भोक होतं हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. मग मी टरफल हातावर घेऊन खोलीभर फिरलो. हललं नाही. मला इतका आनंद झाला की मी ते टरफल खिशात ठेवलं. शिडी मागं नेऊन ठेवली आणि गच्चीवर जाऊन उन्हात बसलो. कुणाला काही बोललो नाही.

आत्यानं रोजच्यासारखी बाळाला धुरी दिली, त्या वासात ओल्या रंगाचा वासही कळला नाही. मग तिनं बाजेजवळ कोळशाची शेगडी ठेवली, दार ओढून घेतलं आणि स्वतः अंघोळीला गेली. रोज हे असंच चालायचं. शेक घेता घेता लेक आणि बाळ झोपी जायचे.

पुढचं मला तिच्या आरोळीपासून आठवतं. मी जिन्यावरून धावत आलो तेव्हा दार सताड उघडं होतं. आत्या ओल्या केसांनी, कानाला रुमाल नसलेली, बाळाला छातीशी धरून अंगणात उभी होती आणि ओरडत होती, "पोरीला भायेर काढा! पोरीला काढा आधी!" खोलीत धुरीचा धूर भिंतीसारखा उभा होता. रोज तो वर, त्या भोकाकडं जायचा. आत्या केस पुसत दारावरून गेली तेव्हा दाराच्या वरच्या कोपऱ्यातून धूर उलटा बाहेर येताना तिला दिसला होता. मी लेकीला उचललं. ती डोकं धरून ओकली. बाळ रडत नव्हतं. अंगणातल्या त्या वाऱ्यात आत्यानं त्याच्या तळपायांना चापट्या मारल्या, तेव्हा कुठं बारीकसं रडलं.

दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत दोघं बरी होती. दोघं बरी आहेत, आजही. पण त्या वेळी डॉक्टर बाहेर येऊन तापले होते. "बंद खोलीत कोळसा? थोडा वेळ गेला असता तर दोघंही हाती लागली नसती. कुणाचं डोकं हे?"

व्हरांड्यात आम्ही सगळे होतो. बायको, बाळ बघायला पुण्याहून आलेले जावयाचे आईवडील, भावकीतली माणसं. सगळ्यांनी आत्याकडं बघितलं. आत्यानं माझ्याकडं बघितलं. तिची नजर माझ्या बोटांवर होती. नखांत पुट्टी सुकलेली होती. मी खाली फरशीकडं बघितलं.

"शेगडी माझी व्हती," आत्या म्हणाली.

मग सगळे बोलले. म्हातारपणी हट्ट, जुनी खुळं, लसणाची टरफलं. जावयाची आई म्हणाली, "आमचं लेकरू मेलं असतं ह्यांच्या नादानं." मी त्यांना पाणी आणून दिलं. एवढंच केलं. आत्या घरी आली, पिशवी भरली आणि एसटीनं लोह्याला गेली. स्टँडवर सोडायलाही तिनं मला येऊ दिलं नाही.

ते भोक दिसत नव्हतं, त्यामुळं कुणी विचारलंही नाही. मी स्वतःला समजावत राहिलो की कोळसाच वाईट, डॉक्टरही तेच म्हणाले. मी बुजवलं नसतं तरी आज ना उद्या हे झालंच असतं. हे समजावणं मला काही महिने पुरलं.

मग उदगीरच्या पुतणीचं बाळंतपण आलं. आत्याला निरोप गेला नव्हता. ती सवयीनं पिशवी घेऊन गेली. तिला हॉलमध्ये बसवलं, चहा दिला आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. ही गोष्ट मला दुकानात एका पाहुण्यानं हसत हसत सांगितली. "म्हातारी दाराकडं बघत बसली म्हनं तासभर. मंग उठून गेली." मी त्याच्यासाठी रंग ढवळत होतो. तो डबा तसाच ठेवून मी लोह्याची गाडी पकडली.

आत्याचं दार उघडं होतं. खिडक्याही उघड्या. घरातून वारं आरपार जात होतं, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं, आणि आत्या त्या वाऱ्यात पाठ करून भाजी निवडत बसली होती. चंची खुंटीला होती.

मी उभ्या उभ्याच म्हणालो, "आत्या, ते भोक मी बुजवलं होतं."

"मला काय सांगतो? म्हाईत हाय मला."

"मग दवाखान्यात बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हनून." तिनं मेथीची काडी मोडली. "मी तुझ्याकडं बघितलं. तू खाली बघितलंस. मंग म्हनलं, ह्याला बोलायचं न्हाई."

मला बसवेना. तिनं काड्या बाजूला सारल्या. "सटवाईबिटवाई काय न्हाई. शेगडी ठेवली की वर भोक लागतंय, हे माझ्या सासूनं मला सांगितलेलं. पर मी अशी, घरोघर फटी बुजवत फिरनारी. मीच म्हनलं एक फट राहू द्या, तर कोन ऐकतंय? सटवाईचं नाव घेतलं की कुनी हात लावत न्हाई."

"मी लावला."

"तुझं तसंच. फट दिसली की तुझे हात शिवशिवतेत. माझ्यावानी." ती जराशी हसली. ते हसू मला सगळ्यात जास्त लागलं. "माझंबी चुकलं. तुला तरी खरं सांगाय पाहिजे व्हतं."

"आत्या, मला माफ—"

"हितं न्हाई." तिनं हात वर केला. "हितं कोन हाय ऐकाय? ज्यायला वाटून राहिलंय म्हातारीनं लेकरू मारलं असतं, त्यायच्या म्होरं बोल. जमत नसंल तर बोलू नको. चहा घे आन जा."

घरी येताना मी ठरवलं. नातवाचं जावळ काढायचं होतं. मी ते आमच्याच घरी ठेवलं, पुण्याच्या व्याह्यांसह सगळ्या भावकीला बोलावलं, उदगीरच्यांनाही. आत्याला आणायला स्वतः गेलो. ती येईल की नाही याची खात्री नव्हती. ती पिशवी न घेता आली.

त्या दिवशी सकाळी मी शिडी लावून रंग खरवडला, पुट्टी फोडली, फोम उकरून काढला. बायको दारात आली. "हे काय करताय?" मी शिडीवरूनच तिला सगळं सांगितलं. ती खाली पडलेले फोमचे तुकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग आत निघून गेली. लेकीलाही सांगितलं. तिनं बाळाला जवळ ओढून घेतलं. त्यांचं माझ्यावर काय उरलं आणि काय गेलं, ते त्या दोघींनी अजून मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

दुपारी हॉल भरला. न्हाव्यानं शेवटचा हात फिरवला, बाळाचा गोटा उघडा पडला, बायकांनी ओवाळलं. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "जेवायच्या आधी मला सगळ्यांना एक सांगायचंय."

"थांब गा," कोपऱ्यातून आवाज आला. "आधी ते दार लाव. लेकराचं डोकं उघडं हाय."

कुणीतरी हसलं. मी जाऊन दार लावलं. खालची रबराची पट्टी पायानं नीट दाबली. परत आलो. मग मी बोललो. भोक कुठं होतं, आत्यानं काय सांगितलं होतं, मी ते केव्हा आणि कसं बुजवलं, रंग कसा मारला, दवाखान्यात माझ्या नखांत काय होतं. व्याहीणबाई उठून उभ्या राहिल्या. मी थांबलो नाही. सगळं संपल्यावर मी आत्याच्या खुर्चीसमोर गेलो.

"आत्या," मी म्हणालो, "माझ्या लेकीला आणि ह्या लेकराला तू वाचवलंस. मरणाच्या दारात त्यांना नेलं होतं ते मी. आणि दोष तुझ्यावर जाताना मी खाली बघत उभा राहिलो. माझं चुकलं. ह्या सगळ्यांच्या समोर सांगतो, मला माफ कर."